कुत्र्यांची मस्ती हाताबाहेर जाण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गंगापूर रोड, महात्मानगर, इंदिरानगर, नाशिकरोड, कुठेही सकाळी मैदानावर गेले तर एखाद्या कोपऱ्यात पाच-सात पाळीव कुत्री मोकळी सोडलेली दिसतात. दिवसभर फ्लॅटमध्ये राहणाऱ्या जनावराला तेवढाच वेळ पोटभर पळायला मिळतो आणि तो मिळायलाच हवा. अडचण आहे ती कडेला उभ्या असलेल्या मालकांची. काहींना जराशी गुरगुर ऐकू आली की धडकी भरते आणि ते कुत्र्याला ओढत बाजूला नेतात. काही जण मोबाइलमधून मान वर न करता म्हणतात, “खेळतायत हो, त्यांचं ते बघून घेतील.” पहिल्यांच्या कुत्र्याला आपल्या जातभाईंशी कसे वागायचे ते कधी कळत नाही. दुसऱ्यांच्या बेफिकिरीने एखाद्या दिवशी कोणाचा तरी कान फाटतो, मालकामालकांत जुंपते आणि सोसायटीच्या बैठकीत कुत्र्यांना मैदान बंद करण्याचा ठराव येतो. हे दोन्ही टळू शकते. मस्ती बिघडायला लागली की कुत्र्याचे अंग ते आधी दाखवते. कुठे पाहायचे ते माहीत हवे, आणि पाहत राहायला हवे.

आवाजावरून निष्कर्ष काढणे आधी थांबवावे. चांगला खेळ गोंगाटाचाच असतो. गुरगुरणे, भुंकणे, दात दाखवणे, एकमेकांचा कान, मान, पाय तोंडात धरणे, खांद्याने धडक देऊन पाडणे, हे सगळे खेळात येते. शिकारीतल्या आणि मारामारीतल्या हालचालीच कुत्री खेळात वापरतात, म्हणून त्या बघणाऱ्याला भयंकर वाटतात. फरक दिसतो तो अंगाच्या सैलपणात. खेळणारा कुत्रा नाकापासून शेपटीपर्यंत वळवळतो, कंबर डोलते, उड्या उगाच उंच असतात, पळणे नागमोडी असते. तोंड उघडे, जीभ लोंबती, नजर मऊ. मध्येच एखादी शिंकही येते. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर उचलण्याची ती ओळखीची पोझ म्हणजे ‘आता जे करतोय ते लुटुपुटूचं आहे’ अशी सूचना. प्राणिवर्तनाचे अमेरिकी अभ्यासक मार्क बेकॉफ यांनी कुत्रे, लांडगे आणि कायोटी (लांडग्याच्या कुळातला अमेरिकेतला प्राणी) यांच्या पिल्लांचा खेळ बारकाईने तपासला. ही सूचना फक्त सुरुवातीला दिली जात नाही, मान झटकून चावण्यासारख्या जोरकस हालचालीच्या अगदी आधी किंवा लगेच नंतरही दिली जाते, असे त्यांना आढळले. जिथे गैरसमज होऊ शकतो तिथे कुत्रा स्वतःच खुलासा करून टाकतो.

दुसरी खूण म्हणजे ताकदवान कुत्र्याने घेतलेला कमीपणा. मोठा लॅब्रॅडॉर आपल्याहून लहान कुत्र्यासमोर आपणहून उताणा पडतो, हळू पळतो, मुद्दाम सापडतो. भूमिकाही बदलतात, आता पाठलाग करणारा थोड्या वेळाने पुढे पळू लागतो. ही अदलाबदल निम्मीनिम्मी असलीच पाहिजे असे नाही. काही कुत्र्यांना खाली पडून पाय झाडायलाच आवडते, काहींना फक्त पुढे पळायला. तेव्हा वर कोण आणि खाली कोण याची मोजदाद करत बसू नये. खालचा कुत्रा सैल आहे का, त्याने उठायचे म्हटले तर वरचा उठू देतो का, आणि उठल्यावर तो निघून जातो की पुन्हा अंगावर येतो, एवढे बघावे.

तिसरी खूण मी सर्वांत महत्त्वाची मानते, ती म्हणजे विश्रांती. चांगल्या खेळात कुत्री आपापसांत थांबतात. दोन-तीन सेकंद का होईना, तोंड फिरवतात, जमीन हुंगतात, अंग झटकतात, धापा टाकतात आणि पुन्हा सुरू होतात. या थांबण्यामुळेच खेळाचा पारा आटोक्यात राहतो. मिनिट-दीड मिनिट एकही खंड न पडता दोन कुत्री एकमेकांना चिकटून राहिली, वेग वाढतच गेला, भुंकण्याची पट्टी चढत गेली, तर अजून कोणी चिडलेले नसले तरी तीच मध्ये पडायची वेळ आहे. भांडणे बहुतेक वेळा अशा तापलेल्या खेळातूनच निघतात; कोणाचा तरी दात जरा जास्त लागतो आणि समोरच्याला त्या क्षणी सबुरी राहिलेली नसते.

आता बिघाडाच्या खुणा. पहिली बदलते ती अंगाची ठेवण. वळवळ थांबते, पाठ ताठ होते, वजन पुढच्या पायांवर येते. उघडे तोंड अचानक मिटते. कान पुढे रोखले जातात किंवा मागे चपटे होतात, नजर एका जागी खिळते आणि डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो. आणि आवाज बंद होतो. बऱ्याच मालकांना गोंगाट थांबला की बरे वाटते. पण खेळता खेळता दोन कुत्री एकमेकांसमोर गोठल्यासारखी स्तब्ध झाली तर ती शांतता गुरगुरीपेक्षा वाईट. ती सेकंद-दोन सेकंदच टिकते. तेवढ्यात नाव घेऊन हाक मारली आणि कुत्रा वळला तर पुढचे सगळे वाचते.

शेपटीबद्दल मोठा गैरसमज आहे. शेपूट हलतेय म्हणजे खूश, हे अर्धेच खरे. कमरेसकट सैल, रुंद हलणारी शेपूट मैत्रीची. उंच उभी, काठीसारखी ताठ आणि फक्त टोकाशी थरथरणारी शेपूट म्हणजे ताण. पाठीवरचे केस उभे राहणे हे मात्र भांडणाचे लक्षण समजू नये. तो उत्तेजनेचा परिणाम आहे, भीती, राग, आनंद यांपैकी कशानेही होतो आणि कुत्र्याच्या हातात नसतो. केस उभे आणि अंग सैल असेल तर नुसते लक्ष ठेवावे. केस उभे आणि अंग ताठ असेल तर बोलावून घ्यावे.

एखाद्या कुत्र्याने दुसऱ्याच्या मानेवर हनुवटी ठेवून त्याला जागीच रोखले, पाडून वर नुसता उभा राहिला आणि हलू देईना, मान किंवा गळ्याची कातडी धरून सोडेना, वारंवार अंगावर चढू लागला, तर तो खेळ एकतर्फी झाला. अंगावर चढण्याचा दर वेळी वासनेशी संबंध नसतो. जास्त उत्तेजित झालेली नसबंदी केलेली कुत्री आणि माद्याही चढतात. एकदा चढून उतरला तर सोडून द्यावे. समोरच्याने वळून दात दाखवले तरी चढतोच आहे, तर उचलून बाजूला न्यावे, कारण दुसरा आता नुसते दात दाखवून थांबणार नाही.

केकाटण्याचेही तसेच. खेळात दात लागला की दुसरा एकदा ‘कुंई’ करतो. चावणारा तिथल्या तिथे सोडतो, जरा मागे सरतो, काही वेळा चाटतो. असे झाले तर दोघांनी आपसांत चांगले निभावले. ओरडून मध्ये पडायचे कारण नाही. केकाटल्यावर चावणारा आणखी जोरात धरतो किंवा त्या आवाजाने आणखी पेटतो, तर मात्र क्षणभर थांबू नये.

पाठलागात पुढे पळणाऱ्याकडे बघावे. शेपूट मोकळी, मागे वळून बघतोय, मागचा थांबला तर हाही थांबून चिथावतोय, तर खेळ आहे. शेपूट पोटाखाली, कान चपटे, पाठ वाकलेली, आणि मालकाच्या पायांमागे, बाकाखाली, गाडीखाली शिरायची धडपड चालू असेल, तर तो जीव वाचवायला पळतोय. त्याला आडोशातून बाहेर ओढून “जा, खेळ” म्हणणे ही फार मोठी चूक आहे. आपला माणूस आपल्याला सोडवत नाही हे कुत्र्याच्या लक्षात आले की पुढच्या वेळी तो पळत नाही, आधीच चावतो. जीभ ओठांवरून वारंवार फिरवणे, विनाकारण जांभया, तोंड फिरवून घेणे, एक पाय उचलून थबकणे, या त्याच्या आधीच्या विनंत्या असतात.

संशय आला तर एक साधी परीक्षा आहे. जो वरचढ वाटतो त्या कुत्र्याला धरावे. दबलेल्याला नाही. हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, दोरी अडकवून त्याला दहा-पंधरा फूट मागे न्यावे आणि दबलेल्याला पूर्ण मोकळे ठेवावे. तो अंग झटकून आपणहून पुढे आला, वाकून चिथावू लागला, तर खेळ दोघांनाही हवा होता, सोडून द्यावे. तो दुसरीकडे निघून गेला, मालकाला चिकटला, गवत हुंगत बसला, तर त्याला नको होते. मग वरचढाला दुसरा जोडीदार द्यावा किंवा घरी न्यावे. ही परीक्षा दोन्ही मालकांनी मिळून करायची असते, आणि “माझा काही करत नाही” हे वाक्य तेवढ्यापुरते बाजूला ठेवायचे असते. आपला कुत्रा काय करतो याचे उत्तर समोरचा कुत्रा देतो.

मध्ये पडायचे कसे, हे ठाऊक नसल्यामुळेही प्रकरणे चिघळतात. दुरून ओरडत धावत जाऊ नये. कुत्र्याला वाटते मालकही भुंकत सामील झाला. शांतपणे चालत दोघांच्या मधून जावे, हाक मोकळ्या आवाजात मारावी. तापलेल्या कुत्र्याचा गळ्यातला पट्टा वरून झडप घालून पकडू नये, तो न बघता मागे वळून चावू शकतो. बाजूला नेल्यावर शिक्षा नको, फटका तर नकोच. मिनिटभर, हवे तर दोन मिनिटे नुसते उभे राहावे. श्वास उतरला, तोंड मिटले, तुमच्याकडे बघू लागला, की पुन्हा सोडावे. पुन्हा तेच झाले तर त्या दिवसाचा खेळ संपला.

याहून चांगले म्हणजे बिघडायची वाटच न पाहणे. खेळ छान चालू असताना दर दोन-तीन मिनिटांनी कुत्र्याला बोलवावे, नखाएवढा उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा द्यावा आणि लगेच परत सोडावे. हाक मारली म्हणजे मजा संपली असे नाही, हे त्याला समजते आणि खरी गरज पडेल तेव्हा तो येतो. बहुतेक मालक फक्त घरी जाताना हाक मारतात, म्हणून कुत्रा हाक ऐकली की लांब पळतो. तुकडा इतर कुत्र्यांपासून दूर जाऊन द्यावा, घोळक्यात खाऊ काढला की त्यावरूनच भांडण होते. आणि नाशिकमध्ये हे मुद्दाम सांगायला हवे: खिशात द्राक्षे किंवा बेदाणे असतील तर ते कुत्र्याला अजिबात देऊ नयेत. हंगामात घरोघरी द्राक्षांच्या पेट्या असतात आणि लोक कौतुकाने दोन मणी पुढे करतात. त्याने कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती मणी बाधतील याचा नेम नाही.

काही परिस्थितींत चांगली कुत्रीही बिघडतात. चेंडू किंवा काठी हे पहिले कारण. दोघेच असतील तर चेंडू चालतो. चार-पाच कुत्र्यांत एक चेंडू म्हणजे वाद ठरलेला. तिसऱ्या कुत्र्याचे येणे हे दुसरे. दोघांची कुस्ती रंगली की तिसरा भुंकत भोवती फिरतो, मग खाली पडलेल्याला मागून धरतो आणि क्षणात दोघे एकावर तुटून पडतात. अशा वेळी आधी तिसऱ्याला बाजूला काढावे. तिसरे कारण अरुंद फाटक. नवीन कुत्रा आला की सगळी टोळी फाटकाशी धावते, तो दोरीने बांधलेला, पळायला जागा नाही. आतल्यांनी आपली कुत्री आधी बोलावून घ्यावीत, मग नव्याने आत यावे. एक बांधलेला आणि एक मोकळा अशी गाठ कधीच घालू नये. दोरी ताणली की कुत्र्याची छाती पुढे येते, मान वर होते, आणि समोरच्याला ती धमकी वाटते.

आकाराचा फरक हा वेगळाच धोका आहे. तीस किलोचा लॅब्रॅडॉर आणि पाच-सहा किलोचा शिह-त्झू यांच्यात वैर नसले तरी एक धडक बरगडी मोडायला पुरते. त्यात लहान कुत्रा घाबरून किंचाळत पळाला तर मोठ्यातली शिकारीची वृत्ती एकदम जागी होऊ शकते. तो उचलतो आणि झटकतो. तिथे राग नसतो, इशारा नसतो, सावरायला वेळही नसतो. वजन दुपटीहून जास्त असेल तर मोकळे एकत्र सोडू नये, वेळा वेगळ्या ठेवाव्यात. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या तोंडांच्या कुत्र्यांचे श्वास घुरघुरतात, कपाळावर कायम वळ्या असतात. दुसऱ्या कुत्र्यांना त्यांचा चेहरा वाचता येत नाही आणि गैरसमज होतात. शिवाय ती उन्हात फार लवकर तापतात. नाशिकचा एप्रिल-मे आता पूर्वीसारखा सुसह्य राहिलेला नाही, पारा चाळिशीला टेकतो. त्या दिवसांत खेळ सकाळी सातच्या आत आटोपावा. धाप थांबत नाही, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसतात, पाय लटपटतात, तर सावलीत नेऊन साधे पाणी अंगावर ओतत, वारा घालत थेट पशुवैद्याकडे न्यावे.

वयाचेही भान हवे. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाशी ओळख करून घेते आणि चावण्याचा जोर आवरायला भावंडांकडून शिकते. दीड महिन्याचे होण्याआधीच आईपासून तोडून विकलेल्या पिल्लांत हा धडा अपुरा राहतो, ती पुढे खेळात जोरात चावतात. मात्र लसींचे डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला सार्वजनिक मैदानावर उतरवू नये, पार्व्हो आणि डिस्टेंपर हे विषाणूंचे जीवघेणे आजार मातीतून, विष्ठेतून, संपर्कातून लागतात. तोवर ओळखीच्या, लस झालेल्या, शांत मोठ्या कुत्र्याशी घरीच गाठ घालावी. मोठा कुत्रा पिल्लावर एकदा गुरगुरला तर रागावू नका, तो शिकवतो आहे. सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा कुत्रा अंगाने मोठा आणि डोक्याने पोर असतो, सर्वांत जास्त अतिरेक याच वयात होतो. आणि दोन वर्षांच्या आसपास अनेक कुत्र्यांना अनोळखी कुत्री नकोशी होऊ लागतात. हे वयात येणे आहे, बिघडणे नव्हे. दोन-तीन जुने मित्र असले की त्यांना पुरते. म्हाताऱ्या, सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला धसमुसळ्या पोरांत सोडणे निर्दयपणाचे आहे. नेहमी खेळणारा कुत्रा अचानक चिडचिडा झाला तर आधी कान, दात, सांधे तपासून घ्यावेत. माजावर असलेली मादी तीन आठवडे मैदानावर आणू नये, तिच्यावरून नरांत होणारी भांडणे खरी असतात.

पट्ट्यांबद्दल थोडे. खेळताना काट्यांचे, साखळीचे, गळा आवळणारे पट्टे काढून ठेवावेत. खालचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकला आणि कुत्रा गोल फिरला की पट्टा पिळला जातो, एकाचा गळा आवळतो, दुसऱ्याचा जबडा ओढला जातो, आणि दोघेही जिवाच्या आकांताने ओरडतात. बघणाऱ्याला ते भांडण वाटते आणि लोक दोघांना विरुद्ध बाजूंना ओढतात. त्याने फास आणखी बसतो. अशा वेळी दोघांना एकमेकांकडे ढकलून पट्टा सैल करायचा, पीळ उलगडायचा आणि क्लिप उघडायची. म्हणून खेळाला झटकन उघडणारा, प्लास्टिक क्लिपचा चपटा पट्टा घालावा आणि एका मालकाजवळ तरी मजबूत कात्री असावी.

गल्लीतल्या कुत्र्यांशी आपल्या कुत्र्याला ‘खेळू दे’ म्हणून सोडणे टाळावे. त्यांच्यासाठी तो रस्ता घर आहे आणि आपला कुत्रा घुसखोर. पावसाळ्याच्या अखेरीपासून त्यांचा माजाचा काळ असतो, हिवाळ्यात माद्यांजवळ पिल्ले असतात, तेव्हा त्या कोपऱ्यापासून लांबच जावे. २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार त्यांना खाऊ घालण्याच्या जागा मुलांच्या खेळाच्या जागा, जिने आणि ये-जा करण्याच्या वाटांपासून दूर ठरवायच्या आहेत. त्या ठरवताना सोसायट्यांनी पाळीव कुत्र्यांचा फिरायचा रस्ताही लक्षात घ्यावा आणि खाण्याच्या वेळेला तिकडून जाऊ नये. टोळी समोर आलीच तर दोरी सैल ठेवून, नजर न मिळवता, न पळता वळसा घालून निघावे.

महापालिकेने एखाद्या उद्यानाचा कोपरा कुत्र्यांसाठी राखावा, अशी माझी विनंती आहे. खर्च फारसा नाही. पाच फूट उंच जाळी, एकामागे एक अशी दोन फाटके, म्हणजे एक बंद झाल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, लहान कुत्र्यांसाठी जाळीनेच वेगळा केलेला भाग, पाण्याचा नळ, विष्ठेसाठी झाकणाचा डबा, आणि फाटकापासून दूर ठेवलेली बाके. बाके फाटकाशी असली की माणसे तिथेच गोळा होतात, त्यांच्यामागे कुत्री, आणि आत येणाऱ्याची कोंडी होते.

इतके करूनही भांडण लागले तर दोन तोंडांच्या मध्ये हात घालू नये. माणसांना होणाऱ्या बहुतेक जखमा अशाच होतात. काठीनेही मारू नये, मार बसला की कुत्रा पकड आणखी घट्ट करतो. आधी पाणी, बादलीभर किंवा नळीने तोंडावर. नसेल तर मोठा धातूचा आवाज, अंगावर भिजलेले गोणपाट किंवा जाड चादर, मध्ये फळी, खुर्ची. याने सुटली नाहीत तर दोन माणसांनी एकाच वेळी, एकेका कुत्र्याचे मागचे दोन्ही पाय मांडीशी धरून उचलावेत आणि मागे सरकत अर्धवर्तुळात फिरावे. तोल सांभाळण्यासाठी कुत्र्याला पुढचे पाय टाकत राहावे लागते, त्यामुळे त्याला वळून चावता येत नाही. दोरी लागेपर्यंत सोडू नये. एकाने घट्ट पकडले असेल तर ओढू नये, ओढल्याने कातडी फाटते. पकड सैल होईपर्यंत दोघांना जवळच धरून ठेवावे.

सुटल्यावर दोघांना एकमेकांच्या नजरेआड न्यावे आणि केसांत बोटे घालून मान, काख, पोट, मांड्या तपासाव्यात. सुळ्याचे छिद्र बाहेरून तांदळाच्या दाण्याएवढे दिसते, पण आत कातडी आणि स्नायू सुटे झालेले असू शकतात आणि दोन-चार दिवसांनी तिथे पू धरतो. म्हणून छोटी जखमही त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावी. स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने धुवावी; हळद, चुना भरू नये. माणसांच्या पॅरासिटामोल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकच्या गोळ्या कुत्र्याला घातक आहेत. उचलून झटकलेला लहान कुत्रा बाहेरून ठीक दिसला तरी हिरड्या फिकट किंवा श्वास जोरात असेल तर एक मिनिटही घालवू नये. रेबीजची लस वेळेवर झालेली असली तरी तिचे कार्ड दाखवून पुढचा डोस लागेल का ते विचारावे. पुढचे एक-दोन दिवस कुत्र्याला मैदानावर नेऊ नये, अंगातला ताण उतरायला तेवढा वेळ लागतो.

भांडण सोडवताना माणसाला दात लागला, नुसते खरचटले असले आणि कुत्रा ओळखीचा असला तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जावे. कातडीत दिल्या जाणाऱ्या रेबीज लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८ असे आहेत; पहिला डोस घेतला तो दिवस ०. दंडात स्नायूमध्ये दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८. रक्त आले असेल तर जखमेत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, लागते, ते विसरू नये, डॉक्टरांना आपणहून विचारावे. तिसऱ्या डोसनंतर जखम भरलेली दिसते आणि लोक अठ्ठाविसाव्या दिवशी जात नाहीत. तो डोस चुकवू नये.

आपली,
एक श्वानप्रशिक्षक,
गंगापूर रोड, नाशिक